करवीरचा लोकराजा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूर संस्थानातील एखाद्या खेड्यात कोणी प्रवासी गेला असता, तर एकच गाव दोन ठिकाणी वसलेले त्याच्या दृष्टीस पडले असते. मधोमध पाटलाचा वाडा, देऊळ, चावडी आणि पाणवठा. आणि थोडे अंतर सोडून, शिवेच्या बाजूस, महारवाडा व मांगवाडा. गावच्या विहिरीत तेथील माणसांना घागर बुडविता येत नसे. कोणी दयाळू गृहस्थ वरून पाणी ओतील, तेव्हा ती भरावयाची. नाही तर ज्या ओढ्यात गुरे डुंबत, तेथून पाणी आणावयाचे. उन्हाळ्यात ओढा आटला म्हणजे वाळूत झरा खणून वाटी-वाटीने घागर भरावी लागे. पटकीची साथ गावात शिरली, की ती या वस्तीत अधिक बळी घेई. लोक म्हणत, देवीचा कोप झाला. परंतु देवीला महारवाडा आणि गावठाण यांतील भेद कळण्याचे कारण नव्हते. तो भेद पाण्यात होता.

पाण्याची जी गोष्ट, तीच औषधाची आणि तीच अक्षराची. अस्पृश्य रोग्याची नाडी पाहण्यास वैद्य हात पुढे करीत नसे. औषधाची पुडी दुरून टाकली जाई. मुलगा शाळेत गेलाच, तर त्याने बाहेरच्या ओसरीवर बसावे, आणि भिंतीच्या आतून जे ऐकू येईल तेवढे शिकावे. शिवाशिवीने माणसाचा अपमान होतो, एवढे पुष्कळांना दिसत होते. पण तिच्यामुळे माणसाचे आयुष्यही तोकडे होते, त्याची मुले अकाली मरतात आणि जी जगतात त्यांना बापाच्याच दैन्यात दिवस काढावे लागतात, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले होते. त्या थोड्यांपैकी एक पुरुष पुढे या संस्थानाच्या गादीवरच बसला. त्याचे नाव राजर्षी शाहू छत्रपती.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे पाळण्यातील नाव यशवंतराव. ते तीन वर्षांचे असतानाच त्यांच्या मातोश्री राधाबाई निवर्तल्या. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्यात अंत झाल्यावर राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले, आणि त्यांचे नाव शाहू ठेविले. दोन वर्षांनी वडिलांचेही छत्र हरपले. काठेवाडातील राजकोट येथे राजकुमारांच्या महाविद्यालयात आणि पुढे धारवाडला फ्रेझर नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. शरीर धिप्पाड, कुस्तीचा आणि शिकारीचा छंद दांडगा, बोलणे रांगडे. दरबारी रीतिरिवाजांत त्यांचे मन फारसे रमत नसे. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

राज्य हाती येऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच दोन संकटे पाठोपाठ आली. १८९६-९७ चा दुष्काळ हे पहिले, आणि त्यामागून आलेला प्लेग हे दुसरे. तरुण राजा वाड्यात बसून राहिला नाही. घोड्यावर बसून त्याने रानोमाळ हिंडून लोकांची स्थिती पाहिली. स्वस्त धान्याची दुकाने उघडली, गुरांसाठी सरकारी राने मोकळी केली, रस्त्यांची व विहिरींची कामे काढली. या कामांवर येणाऱ्या बायकांची तान्ही मुले सांभाळण्याची सोयही करण्यात आली.

दुष्काळ आणि साथ यांत एक विलक्षण गोष्ट दिसते. पाऊस सर्वांच्याच शेतावर पडावयाचा थांबतो, आणि रोगाचा जंतू कोणाची जात विचारीत नाही. तरीही मरणाची वाटणी सारखी होत नाही. प्लेगच्या वेळी लोकांनी घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत जाऊन राहावे, अशी व्यवस्था असे. ज्याची कणगी भरलेली, तो शेतातल्या खोपटात महिना दोन महिने सुखाने काढी. ज्याचे पोट रोजच्या हाताच्या कामावर, त्याने गाव सोडले तर खावे काय? तो माघारी येई, आणि उंदीर मरून पडलेल्या त्याच घरात निजे. ज्याला कागद वाचता येत नाही त्याला सरकारी हुकूम कळत नसे, आणि ज्याच्या जातीचा एकही माणूस कचेरीत नाही त्याचे गाऱ्हाणे साहेबांच्या मेजापर्यंत पोहोचत नसे. त्या काळी कोल्हापूरच्या राज्यकारभारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकट्या ब्राह्मण जातीचे होते. बहुसंख्य प्रजेला कचेरीचा उंबरठा ठाऊक होता तो कर भरण्यापुरता किंवा शिक्षा घेण्यापुरता.

मग महाराजांनी मुळाशी हात घातला. खेड्यातील मूल शहरात शिकावयास येते तेव्हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न पुस्तकाचा नसतो. रात्री निजावे कोठे आणि जेवावे काय, हा असतो. शिक्षकाच्या पेशात ज्याने जन्म घालविला, त्याला हे कोणी सांगावे लागत नाही. महाराजांनी प्रथम सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. परंतु थोड्याच दिवसांत तेथे एकाच जातीची मुले उरली, कारण पंक्तीत इतरांना जागा मिळेना. तेव्हा १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढण्यास आरंभ केला. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशी ती मालिका वाढत गेली, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. जातवार वसतिगृहे काढून जातिभेद कसा मोडणार, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो अगदीच निरर्थक नव्हता. पण जेवणाचे ताट आणि दिव्याचा उजेड मिळाल्यावाचून ती मुले शिकणार नव्हती, आणि शिकल्यावाचून कोणतेच भेद मोडणार नव्हते. महाराजांनी आधी ताट वाढले.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेस गेले होते. तेथे असतानाच २६ जुलै रोजी त्यांचा एक हुकूम प्रसिद्ध झाला. संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात, असा तो हुकूम होता. हिंदुस्थानात असे पाऊल क्वचितच कोणी टाकले होते. टीकेचा मोठा गदारोळ उठला. महाराज डगमगले नाहीत.

पुढे १९०९ च्या सुमारास भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले गेले. पैशाअभावी ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. तरी आज त्या भागात उसाचे जे हिरवे मळे दिसतात, त्यांचा पाया तेव्हा घातला गेला. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्यात आले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. रुपया ही त्या काळी खेडुताच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती.

आता काही रूढींचे जोखड किती निरनिराळ्या प्रकारांनी माणसाला जखडीत असे, ते पाहा. महार, मांग, रामोशी, बेरड अशा कित्येक जातींच्या लोकांना गावच्या पाटलापुढे रोज हजेरी द्यावी लागे. चोरी कोणी केली असो वा नसो, जन्माने ते संशयितच! रोज सायंकाळी जो चावडीवर उभा राहिलाच पाहिजे, तो परगावी मजुरीला जाणार कसा? आजारी मुलाला घेऊन पाच कोसांवरच्या दवाखान्यात तरी कसा जाणार? १९१८ साली महाराजांनी ही हजेरी बंद केली. जे फासेपारधी चोर म्हणून हाकलले जात, त्यांना त्यांनी आपल्या नोकरीत घेतले आणि पहाऱ्यावर नेमले. महारांचे वतनही त्याच वर्षी रद्द झाले. हे वतन म्हणजे नावाला जमिनीचा तुकडा, आणि त्याच्या मोबदल्यात साऱ्या कुटुंबाने रात्रंदिवस गावाची व सरकारची पडेल ती कामे करावयाची. वतन गेल्यावर तीच जमीन त्यांच्या मालकीची झाली, आणि पायातली बेडी सुटली.

१९१९ हे वर्ष महाराजांच्या चरित्रात विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवावे, असा हुकूम याच वर्षी निघाला. सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, कचेऱ्या यांत शिवाशिव पाळू नये, अशी आज्ञाही याच वर्षीची. आणि सरकारी दवाखान्यांतही हाच नियम लागू करण्यात आला. सार्वजनिक दवाखाना कोणा एकाच्या मालकीचा नाही. तेथे येणारा अस्पृश्य रोगी इतरांसारखाच तपासला गेला पाहिजे, त्याला ममतेने वागविले पाहिजे, असे महाराजांनी फर्माविले. अस्पृश्यांशी समतेने वागणे ज्या नोकरास पटत नसेल, त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, असेही महाराजांनी आपल्या नोकरवर्गास बजावले.

दवाखान्यासाठी हुकूम कशाला हवा, असे आजच्या मुलांना वाटेल. त्याचे उत्तर कोल्हापूरबाहेरच्या एका घटनेत आहे. ज्या काठेवाडात महाराज लहानपणी शिकले, त्याच प्रांतात दहा वर्षांनंतर, १९२९ साली, एका अस्पृश्य शिक्षकाच्या पत्नीवर बाळंतपणात ओढवलेला प्रसंग वृत्तपत्रात प्रसिद्ध झाला. बाळंतीण तापाने फणफणली होती. गावातला डॉक्टर मोठ्या मिनतवारीने आला, तो अस्पृश्यांच्या वस्तीत पाऊल न टाकण्याच्या अटीवर. दोन दिवसांच्या बाळंतिणीला घराबाहेर आणण्यात आले. डॉक्टरने ज्वरमापक नळी एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिली, त्याने ती नवऱ्याच्या हाती दिली, नवऱ्याने पत्नीला लावली, आणि त्याच क्रमाने ती परत गेली. रोग्याला हात न लावता डॉक्टरने फुफ्फुसदाहाचे निदान केले आणि औषध पाठविले. पुन्हा येण्यास मात्र तो तयार झाला नाही, आणि ती बाई दगावली. तिचा पती शिकलेला होता, इतरांना शिकवीत होता, डॉक्टरचे पैसे देण्यास तयार होता. तरी एका हाताचा स्पर्श त्याला पत्नीसाठी मिळविता आला नाही. महाराजांनी १९१९ साली हुकूम काढला तो असल्या दवाखान्यांसाठी.

तथापि राजाने हुकूम काढला आणि प्रजेने तो मानला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. कागदावरची शाई वाळते, पण माणसाच्या मनातला विटाळ तितक्या लवकर जात नाही. खुद्द महाराजांच्या राजवाड्याशीच याचा प्रत्यय आला. त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा मोतदार होता. जातीने तो महार. एके दिवशी, महाराज परगावी गेले असता, सवर्ण सेवकांसाठी राखलेल्या हौदातील पाण्याला तो शिवला, एवढ्या कारणावरून त्याला बेदम मारहाण झाली. महाराज परत येताच गंगारामाने आपली पाठ त्यांना दाखविली. महाराज मुळात तापट. अपराध्याला त्यांनी स्वतः चाबकाने शासन केले, असे सांगतात. आजच्या न्यायाच्या कल्पनांत असली शिक्षा बसावयाची नाही. तेवढ्यावर ते थांबले मात्र नाहीत, ही महत्त्वाची गोष्ट. गंगाराम पुन्हा त्याच पागेत गेला, तर पुन्हा त्याच हौदाशी गाठ पडणार. म्हणून त्यांनी त्याला नोकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढण्यास मदत केली.

गंगारामाने कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान थाटले. नाव ठेविले सत्यसुधारक हॉटेल. दुकान स्वच्छ, चहा उत्तम; पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा पिणार कोण? कपबश्या मांडून गंगाराम बसून राही, आणि रस्त्याने जाणारे लोक मान फिरवून पुढे जात.

ही हकीकत महाराजांच्या कानी गेली. त्यांना खडखडा नावाच्या गाडीतून फेरफटका मारण्याची सवय होती. एके दिवशी गाडी सरळ गंगारामाच्या दुकानापुढे येऊन उभी राहिली, आणि महाराजांनी मोठ्याने चहा मागविला. भर रस्त्यात, शेकडो लोकांच्या देखत, छत्रपतींनी तो चहा घेतला. बरोबरच्या मंडळींनाही पाजला. मग हा नेमच होऊन बसला. कोणी अर्ज घेऊन आला, की महाराज त्याला त्या दुकानापाशी गाठीत. आधी चहा प्यावयास लावीत, आणि मग कागदावर सही करीत. काम तर करून घ्यावयाचे आणि चहा तर प्यावयाचा नाही, हे कोणाला साधणार? मोठमोठ्या घरच्या मंडळींनी डोळे मिटून ते घोट गिळले असतील, आणि पुढे काही जणांना त्या चहाची गोडीही लागली असेल. हळूहळू गंगारामाचे दुकान चालू लागले. हजार हुकुमांनी जे झाले नसते, ते त्या कपबशीने थोडेफार केले, असे मला वाटते.

याच १९१९ साली कानपूर येथे कुर्मी समाजाच्या परिषदेने शाहू महाराजांना राजर्षी ही पदवी दिली. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, कोल्हापूर भागातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. महाराज या परिषदेस स्वतः उपस्थित राहिले आणि अस्पृश्य बांधवांना त्यांनी सांगितले, की तुमचा खरा पुढारी तुम्हांला आता लाभला आहे. बाबासाहेबांच्या मूकनायक या पाक्षिकालाही त्यांनी आर्थिक साहाय्य केले. त्याआधी ते मुंबईला गेले असता परळच्या चाळीत बाबासाहेबांची खोली शोधत गेले होते. राजाने चाळीचा जिना चढावा, हे त्या काळी नवलच होते. आपल्या हुकुमांचे आयुष्य आपल्या आयुष्याएवढेच असेल, हे त्यांनी ओळखले असावे. म्हणूनच दुसऱ्या कोणाच्या तरी हाती मशाल असावी अशी घाई त्यांच्या या अखेरच्या वर्षांत दिसून येते.

ती घाई खरी ठरली. शरीर थकले होते; १९१८ साली धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीच्या वेळी अपघाताने गेल्याचे दुःखही मनात घर करून होते. त्या दुःखातही त्यांनी आपल्या विधवा स्नुषेला, इंदुमतीदेवींना, घराच्या चार भिंतींत कोंडून न ठेवता शिकविण्याची व्यवस्था केली. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे शाहू महाराजांचे देहावसान झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही त्यांना पुरी झाली नव्हती.

तीन वर्षांनी, १९२५ साली, कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचे पहिले स्मारक उभे राहिले. ते दरबारने उभारले नव्हते, की कोणा सरदाराने. त्यासाठी पुढाकार घेतला होता गंगाराम कांबळे यांनी. भाऊसिंगजी रस्त्यावरच्या त्याच चहावाल्याने.